मावशीला हात लावायचा नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच. तबेल्यात मावशी घोडीला खरारा करता करता छाती आवळली. भिंतीला टेकून उभा राहिलो. श्वास आत जातो, बाहेर यायला तयार नाही — बारीक शिट्टी वाजते. मावशीने मान वळवून पाहिलं आणि जबडा माझ्या खांद्यावर टेकला. त्याने आणखीच घुसमटलो.

मुकादमाला म्हणालो, गवताची धूळ. तो म्हणाला, विड्या सोडा. जन्मात विडी ओढली नाही मी! पण वाद घातला नाही. विडीच्या नावावर खपून जाईल.

५ फेब्रुवारी

सुट्टी. एकदाही खोकलो नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मावशीला आज घटसर्पाच्या जंतूंचं विष टोचलं. या औषधाच्या कारखान्यात इतकी वर्षं पाहतोय, नवल काही ओसरत नाही. नव्या घोड्याला आधी बोथट केलेलं विष द्यायचं, तेही थेंबभर. अंग पहिल्यांदा गोंधळतं, तोंड द्यायला आठवडे घेतं. पण त्या विषाचा चेहरा लक्षात ठेवतं. पुढच्या खेपेला ओळख पटली की लगेच तुटून पडतं, आणि फक्त त्याच्यावरच. आज जेवढं विष अंगावर घेऊन मावशी शांतपणे चारा खात होती, तेवढ्याने नवखा घोडा आडवा झाला असता. मग तिचं रक्त काढायचं, त्यातला पिवळा रस वेगळा करायचा, त्याचं सीरम. कुठल्या तरी दवाखान्यात घशात पडदा धरलेलं लेकरू त्यावर श्वास घेतं.

शाळेत मास्तर सांगायचे, देव चराचरात आहे. मला तो मावशीच्या मानेवरच्या शिरेत दिसतो. कुणापाशी बोललो नाही कधी. हसतील.

रक्त काढताना ती माझ्याच हाताखाली उभी राहते. मागे मी रजेवर होतो तेव्हा दोघांना लाथाडलं. घोड्यांचे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, तुमच्यामुळे टिकलीय ही, नाहीतर केव्हाच बाजार दाखवला असता.

१० फेब्रुवारी

हिने चोरी पकडली. म्हणते, "सवतीकडे गेलात की छाती भरते, माझ्याजवळ असलात की ठणठणीत. लोकांचं उलटं असतं." थट्टाच. पण बोलताना डोळे हसत नव्हते. छातीच्या डॉक्टरकडे नेणार म्हणजे नेणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हातावर थेंबांची ओळ टाकली, एकेका थेंबातून सुई टोचली. धूळ — काही नाही. गवत — काही नाही. मांजर — काही नाही. एका ठिकाणी मात्र बटणाएवढी गांध उठली.

"घोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, माझं कामच घोड्यांचं आहे. म्हणाल्या, म्हणूनच. घोड्याचा कोंडा वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला. अंगाने तो ध्यानात ठेवला आणि केव्हातरी शत्रूंत जमा केला. आता दिसला की धावून जातं, आणि त्या मारामारीत माझीच श्वासनळी आवळते.

मी विचारलं, "त्याला विसरायला नाही का लावता येणार?"

"अंग सहसा विसरत नाही, काका. तुम्हीच लांब राहा. पुढचा झटका तबेल्यात आला, तर इथवर पोचाल असं मी सांगू शकत नाही."

तोंडात मारायचा फवारा दिला.

१४ फेब्रुवारी

ज्याला मी आपलं म्हटलं, त्याला माझ्याच रक्ताने परकं ठरवलं. मला न विचारता! देवा, हा कुठला न्याय?

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुकादमाला डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला. भला माणूस. आवाराच्या दुसऱ्या टोकाला बाटल्या धुण्याच्या खोलीत बदली दिली. विडीचं मनावर घेऊ नका, म्हणाला.

मावशीचा निरोप घेतला नाही. घ्यायचा कसा?

२० फेब्रुवारी, गुरुवार

मावशी रक्त देईना. दोर झाले, डोळ्यांवर पट्टी झाली. एकाचं मनगट सुजलं. घोड्यांचे डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर लिलाव. या वयाची घोडी लिलावात कोण आणि कशाला घेतो, ते मला कुणी सांगायला नको.

तिचं खिंकाळणं इथवर येतं. नळ मोठा सोडला.

२१ फेब्रुवारी

जेवताना हिला सगळं सांगितलं. ताट वाढता वाढता तिने विचारलं, "ती कुठल्या बाजूने हात लावू देते?" म्हणालो, डावीकडून. आधी बोलायचं, मग हात. काय बोलायचं? काहीही, पण एका सुरात. मला वाटलं, माझं मन हलकं व्हावं म्हणून विचारतेय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मुकादम धावत आला. "तुमच्या घरून आल्या होत्या!" तबेल्यात माणूस कमी पडतोय ना, मी आहे, असं म्हणाली म्हणे. माझा जुना सदरा अंगात चढवून डावीकडून गेली. मावशीने सदरा बराच वेळ हुंगला. मग मान खाली घातली. रक्त निघालं. लिलाव टळला. सोमवारपासून हिला रोजंदारीवर घेतलंय.

मला आधी एका शब्दाने सांगितलं नाही. विचारलं तर म्हणते, सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?

३ मार्च, सोमवार

तिचा पहिला दिवस. बाहेरच्या नळावर अंघोळ केली, केस धुतले, कपडे बदलले, मगच आत आली. समोर बसून सांगत सुटली — मावशीने वेणी कशी चाटली, मुकादम कसा घाबरून मागे सरला आणि बादलीत बसला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. किती वर्षांत इतकी बोलली नव्हती माझ्याशी.

अर्ध्यातच माझी छाती आवळू लागली. नखांत की केसांच्या मुळाशी, मावशीचा कोंडा कुठे राहिला होता देव जाणे. फवारा खिशात होता. बाहेर काढला असता, तर ती पुन्हा कामावर गेली नसती.

खिडकीकडे तोंड करून बसलो. "मग?" म्हणालो.