रिकामा रकाना

२ जानेवारी १९७८
माफ कर, वही. पावसाळ्यापासून तुला हात लावला नाही. आमची लेक फुला गेली हे लिहायला बसायचो आणि तारखेच्या पुढे जायचोच नाही.
कॉलेजातून आलो की प्रोग्राम लिहितो, नागपूरच्या कॉम्प्युटरसाठी. छोटाच आहे. कुठल्याही तक्त्याची व्याख्या वाचायची— रकान्याचं नाव काय, किती घरं रुंद, आत अक्षरं की आकडे. मग बाकीच्या प्रोग्रामांनी यालाच विचारायचं. बायको, भागिरथा, म्हणते, ‘त्या रकान्यातच झोपत जा तुमी!’

५ जानेवारी
नागपूरहून उदयसिंगचा ट्रंककॉल. माझ्या प्रोग्रामची छिद्रं पाडलेली कार्डं तिथल्या यंत्रावर तोच चालवतो.
‘सर, सगळं वाचून राह्यला तुमचा प्रोग्राम. पण रिकामं घर दिसलं की शून्य धरते!’
म्हटलं, आकड्यांच्या रकान्यात यंत्राची रीतच ती.
तो हसला. ‘मंग पाहणीत लेकरं किती हे ज्याले कोणी विचारलंच नाही, त्यालेई शून्य लेकरं?’
फोन ठेवून व्याख्येचा कागद पुन्हा काढला.

११ जानेवारी
दवाखान्याच्या नर्स, गोमतीबाई, पाहणीला आल्या. भागिरथा दारात. ‘लेकरं किती, बाई?’ ती गप्प. मी आतून म्हणालो, ‘शून्य लिहा.’
तिला सोडवावं म्हणून? की मला पुन्हा कामाला बसायचं होतं म्हणून? खरंच माहीत नाही.
नर्स गेल्यावर— ‘शून्य कायले म्हटलं? होती ना माही पोरगी. शून्य म्हंजे झालीच नाही!’
मी म्हणालो, ‘हयात किती, असा प्रश्न असतो.’
असा प्रश्न असतो! हे मी बोललो. तिला.

१२ जानेवारी
भागिरथा धनजला भावाकडे गेली. निघताना ‘येतो’ म्हणाली नाही.

२० जानेवारी
व्याख्येत एक खूण वाढवली: रकाना कोरा असू शकतो. घर आधी अक्षर म्हणून वाचायचं. कोरं निघालं तर आकड्याकडे जायचंच नाही, कोरंच ठेवायचं. उदयसिंग फोनवर ओरडला, ‘आता जमलं, सर!’
आनंद झाला. लिहितानाही लाज वाटते, पण झाला. सांगायला घरात कोणी नाही. धनजला जाऊन सांगावं? काय सांगू— चूक सुधारली म्हणून? ती तर यंत्राची सुधारली.
दोनदा स्टँडवर गेलो आणि परत आलो.

२९ जानेवारी
भागिरथेचा भाऊ शेषराव, हिंगोलीला जाता जाता उभ्या उभ्या आला. चहासुद्धा नको म्हणाला. ‘जयभीम, भाऊजी. बाई आता नाही येत. तिची पेटी धाडून द्या.’ मग खाली बघत— ‘बाई मने, फुलाचे कपडे त्यात टाकू नका. फुलाच्या बाबापाशीच राहू दे. त्याईचं घर रिकामं नको पडाले.’
उद्या: पेटी धनजच्या गाडीत चढवून देणे.