आईच्या चित्राखालची पाटी

फोलारिन,

इथे लेगॉसच्या कलादालनात तू काढलेलं आईचं चित्र लावलंय. काल तिला न्यावंच लागलं. तू लंडनला वारलास, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

तिने चित्रातल्या गालाला हात लावला.

"आजी, हात नका लावू," पहारेकरी म्हणाला.

"माझाच गाल आहे, बाबा."

मग तिने खालच्या पाटीकडे बोट केलं. "काय लिहिलंय?"

तुझं नाव होतं, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष.

"तुझं नाव लिहिलंय, आई," मी म्हटलं.

"अबेनी, जन्मभर बाजारात बसले मी. अक्षरं नाही, पण आकडे कळतात मला. कुठे पुरलंत त्याला?"

मी सांगितलं. दोघीही रडलो नाही. घरी येऊन तिने केळी तळली, मी जेवले. चव कळली नाही.

तुझी ताई,
अबेनी