खोडलेला क्ष

१४ जुलै, सोम.
शिकवणीच्या वह्या तपासल्या. कोमलची सहाही समीकरणं बरोबर! गेल्या आठवड्यापर्यंत चिन्ह बदलायचं म्हटलं की हिला घाम फुटायचा. दहावीच्या सात मुलींत सगळ्यात कच्ची. विचारलं तर म्हणाली, मीच सोडवली. बघत होती मात्र खाली. मोबाइलवरून उतरवली असणार.

१६ जुलै, बुध.
मोबाइल नाही. एका ठिकाणी आधी क्ष लिहिलाय, मग खोडून x. आताच्या पुस्तकात क्ष कुठंय? माझ्या वेळीही नव्हता. म्हणजे कुणीतरी वयस्क माणूस करून देतोय. घरात ही आणि आई, दोघीच. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आई इथंच चितेगावला कंपनीत, पॅकिंगला. मग कोण?

१८ जुलै, शुक्र.
सगळ्यांसमोर फळ्यापाशी उभं केलं. पहिल्याच ओळीला अडकली. दुसऱ्याच्या डोक्यानं परीक्षा देणार का, मी म्हणाले. पोरी हसल्या. बोलायला नको होतं. पण वही खोटी असेल तर...

२१ जुलै, सोम.
कोमल आली नाही. तिची मैत्रीण रेश्मा सांगत होती, शाळा सुटली की ती एसटीच्या थांब्यावर एका म्हाताऱ्याजवळ वही घेऊन बसते. पैठणकडून येतो म्हणे. खाऊ पण आणतो. उद्या स्वतः जाऊन बघते.

२२ जुलै, मंगळ.
थांब्यावर गेले. दोघं बाकावर, मधे वही, समरूप त्रिकोण. म्हाताऱ्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. मला पाहून कोमल पळाली. तो बसून राहिला. कोण तुम्ही, विचारलं.
"आजा हाय तिचा. बापाचा बाप."
दहावीला गणित सोडून सगळ्यात नापास, मग मेंढरांमागं गेलो, म्हणाला. करून देत नाय, चुकलं तिथं बोट ठेवतो फक्त. खरं कशावरून?
घरी येऊन तिच्या आईला फोन केला. थांब्यावर कोमलचे आजोबा भेटले, सांगितलं. मग, "मॅडम, कोमलला आजा नाय." फोन ठेवला.
दोघांतलं कोण खोटं बोलतंय?

२४ जुलै, गुरु.
कोमल आली. डोळे सुजलेले. एकटीला बसवून नवं उदाहरण दिलं. "क्ष बरोबर तीन," पुटपुटत सोडवलं. उत्तर बरोबर. म्हणजे त्यानं शिकवलंच होतं. आजोबाच आहेत म्हणाली. वडील गेल्यावर ह्याच माणसानं दोघींना घराबाहेर काढलं. आता अचानक माया कुठून आली? नुसत्या गणितासाठी येतो? मला नाही वाटत.

२६ जुलै, शनि.
दुपारी कोमलला घेऊन तिची आई आली. बसली नाही. फळ्यापाशी काय बोलले ते मी सांगून टाकलं, माफी मागितली. तिचं लक्षच नव्हतं. कोमलच्या वहीची पानं उलटत राहिली. मग विचारलं,
"चांगलं शिकवतो का त्यो?"
नाही म्हणता आलं असतं. हो म्हणाले.
किती वाजता येतो, विचारलं. पाचच्या सुमाराला. तिनं पदरानं तोंड पुसलं, कोमलला माझ्याकडंच बसवलं आणि एकटीच थांब्याकडं गेली. भांडायला की कशाला, चेहऱ्यावरून कळेना.
साडेसहा झाले. अजून आली नाही.