संभाव्य की निश्चित

१२ नोव्हेंबर
काल सर्वणला घरी पोचले. वर्षातले दोन महिने सैन्याची राखीव नोकरी, उरलेले दहा तुयेची फॅक्टरी. यंदाचे दोन संपले. गणवेश जमा, ओळखपत्र जमा, पासवर्ड बंद. जे पाहिलं ते बोलायचं नाही, अशी सही. म्हणून इथेही जागेचं नाव नाही.
आई : "दोन म्हयने काय केलंस, इतक्यां तरी सांग गो."
"फोटो बघितले. वरून काढलेले. जमिनीचे."
"आता लग्नाच्या मुलांचे बघ."

१४ नोव्हें.
फॅक्टरी. सुपरवायझर : "आयली काय कर्नलबाई? पिकनिक बरी झाली मगो?"
दिवसभर भिंगाखाली सर्किट बोर्ड. शंका आली की बोर्ड बाजूला ठेवायचा. इथे ते चालतं.

१६ नोव्हें., रविवार
सकाळी टाकी धुवायला गच्चीवर. खाली शेजारच्या रामाकाकांच्या खळ्यात पेंढ्याची उडवी, लांबट रचलेली. वर ताडपत्री, दोरीने आवळलेली. ऊन तिरपं. सावलीची कड सरळ.
तिकडच्या शेवटच्या दिवशीच्या फोटोत अशाच तीन आकृत्या होत्या. मी लिहिलं : झाकलेली वाहने, संभाव्य. मेजर सर मागे उभे. "संभाव्य वर पाठवता येत नाही. हो की नाही, ते सांग." पाठवायला चार मिनिटं होती. खोडून 'निश्चित' केलं. निश्चित म्हणजे लक्ष्य.
टेप घेऊन खाली गेले. लांबी ६.२० मीटर, रुंदी २.४०. ट्रकची मापं.
रामाकाका : "मिलिट्रीत तुका गवात मोजूक शिकयल्यानी काय गो?"
पेंढा असेल तर जवळ गोठा असतो. गोठा असेल तर

१८ नोव्हें.
मे. सरांना फोन. "सर, माझ्या शेवटच्या नोंदीबद्दल शंका आहे."
ते : "तू आता सिव्हिलियन आहेस. पुढच्या वर्षी आलीस की बोलू." आणि ठेवता ठेवता, "झोप लागते ना नीट?"
सगळ्यांनाच विचारतात का? की काही कळलंय?

२४ नोव्हें.
युनिटला लेखी पाठवलं. एक ओळ : माझी नोंद 'संभाव्य' अशी वाचावी. जागा, तारीख, फोटोचा क्रमांक पत्रात घालायला मनाई. मे. सरांशिवाय कुठली नोंद, हे कोणाला कळणार? तरी टाकलं. रजिस्टर पोस्टाने.

२ डिसें.
पोच आली. सही वाचता येत नाही. उत्तर नाही.
त्या भागाची बातमी रोज शोधते. काही नाही. काही घडलं नसेल. किंवा तिथे बातमी देणारं कोणी

९ डिसें.
फॅ. आज तीन चांगले बोर्ड बाद केले. सुपरवायझर हसला नाही.
संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. "तोंड बघ कसां झालां तां. कोण मेलां काय गो?"
"ठाऊक नाही."
तिचा हात थांबला. "म्हणजे मेलां असात?"
तव्यावरची भाकरी मी उलटली.