नळीतला मोजा

तीर्थरूप विदोसावा मावशीस राडोयकाचा नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? मिरच्या भाजून ऐवारची चटणी घातलीस का? (यंदा मिरच्या गोड निघाल्यात म्हणे.) आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे हसत आहोत, आणि तेच सांगायला हे पत्र.

आमच्या दाताच्या डॉक्टर ग्वोझ्देननी भित्र्या पोरांसाठी हसवणाऱ्या गॅसचं यंत्र घेतलं. पेशंटच्या नाकावर वाटी लावायची आणि त्याने सोडलेला गॅस नळीवाटे खिडकीबाहेर घालवायचा, अशी रचना. पण डॉक्टरांच्या आईने, स्तामेनाकाकूंनी (त्या रोज दवाखान्यात विणत बसतात, तुला ठाऊकच), नळीतून वारं येतं म्हणून तिच्या तोंडात लोकरी मोजा कोंबला. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडून वाऱ्याचा झोत अंगावर घ्यायची तर आपल्याकडे कुणाची छाती आहे? डॉक्टर सगळं जाणतात, पण आईपुढे ते अजून शाळकरीच आहेत. तेव्हा गॅस आत, आणि डॉक्टर, काकू नि डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी मी, आम्हीही आत.

मंगळवारी पाद्रीबाबा दाढ काढायला आले. डॉक्टर हसले, म्हणून मी हसले, म्हणून पाद्रीबाबा तोंडात कापूस धरून हसले. तिथून मी थेट मिलुंकाच्या नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या श्राद्धाला गेले आणि प्रसादाच्या शिजवलेल्या गव्हाचं ताट हातात घेऊन त्या बिचारीसमोर खुदकन हसले. ती आता माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. संध्याकाळी मात्र डोकं ठणकतं, बोटांना मुंग्या येतात, आणि परवा घराची किल्ली लोणच्याच्या बरणीत सापडली.

मी मोजा काढला की काकू परत बसवतात. शेवटी म्हटलं, काकू, या गॅसने आम्ही आजारी पडू. त्यांनी हातातला टाका न सोडता सांगितलं, “पोरी, हसून कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. वारं लागून गेलेले मात्र आपल्या गल्लीत घरोघर आहेत.”

असो. आमचा नवरोबा ड्रागुतिन मजेत आहे, तुझ्या घरच्या राकिया दारूची आठवण काढतो. थंडीत मानेला रुमाल बांधत जा.

तुझी,
राडोयका

ता. क. मोजा तूच विणलेला आहे, गेल्या सणाला काकूंना दिलेल्या जोडीतला. विदोसावाच्या विणीतून वारं शिरत नाही म्हणून त्यांना दुसरं काही चालत नाही. तू येऊन स्वतःच्या हाताने तो काढ आणि नळी मोकळी ठेवायला सांग. तुझ्याशिवाय त्या कुणाला मानत नाहीत.

आणखी एक. मला दिवस गेलेत. ड्रागुतिनलाही अजून सांगितलेलं नाही. मागच्या खेपेला काय झालं ते तू पाहिलंस, आणि असा कोंडलेला गॅस पोटातल्या जिवाला बरा नव्हे असं मोठ्या दवाखान्यातल्या बाईंनी बजावलंय. मला भीती वाटते, मावशी. काकूंना सांगायची सोय नाही. पोटुशीला वारं नको म्हणून त्या कुलपाचं भोकसुद्धा बुजवतील. तर शनिवारच्या बसने ये. आणि लोकर उरली असेल तर छोटे मोजे विण, कुठल्याच नळीला बसणार नाहीत असे.