दुपट्यातलं शिसं

४ जानेवारी

सकाळी सगळ्यांची चौकशी केली. "रणजीत, पोट कसंय?" – "दुखतंय जरा." "पूनम, तू?" – "मी बरी, आई. आत लाथा चालल्यात!" सुनेला सातवा लागलाय. माझे गुडघे? त्यांना कोण विचारतं!

रणजीतच्या कामावरच्या जुन्या युनिफॉर्मचं दुपटं शिवतेय. तान्ह्याला जुनंच कापड मऊ. शेजारची नीला म्हणते, "सुनेला धुण्याला हात लावू देत नाहीस, डोक्यावर बसवशील!" बसवीन.

९ जानेवारी

पोटदुखी थांबेना, म्हणून दवाखान्यात. रणजीत चाकणच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो, हे ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिघांचंही रक्त घेतलं. "माझं कशाला? मी शेडची पायरीही चढले नाही!" – "कपडे कोण धुतं?"

आधी ह्यांचे – तेही त्याच शेडवर होते – ते गेल्यावर रणजीतचे. रोज दारात झटकायचे, मग धुवायचे – मीच.

बाई म्हणाल्या, कपड्यांवरच्या शिशाचा रोजचा कणही पुरतो. रक्तातून हाडात जातो. हाड त्याला चुना समजून ठेवून घेतं, वर्षानुवर्षं – बंबाला आतून क्षार धरतो तसं. अन् म्हातारपणी, गरोदरपणी हाड झिजलं की पुन्हा रक्तात! थेंबे थेंबे तळे साचे – ही म्हण पुण्याईसाठी होती ना?

१० जानेवारी

दुपटं पिशवीत बांधून टाकलं. रडले नाही. चिडले!

१२ जानेवारी

चाकणला शेडवर गेले. सुपरवायझर साहेबराव हसला. "मावशी, पोरांना रोज गूळ देतो की! गुळानं सगळी धूळ उतरते."

"गूळ पोटात जातो रे, शिसं हाडात! इथंच न्हाणी बांध, कपडे इथंच धुवा."

"बघू."

रात्री रणजीत – "आई, नोकरी घालवशील माझी!" घालवीन. नातवंडाच्या हाडापेक्षा मोठी नाही ती.

१७ जानेवारी

रिपोर्ट आले. पूनमचं शिसं अगदी कमी – देव पावला! रणजीतचं जास्त. माझं रणजीतच्या बरोबरीचं.

रणजीत कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "आई, उद्या ती दुपट्याची पिशवी शेडवर मी नेतो." दुपट्यासोबत त्याचे मळके कपडेही भरले. वर मी चिठ्ठी लावली – "साहेबराव, हे आता तुमच्याकडंच धुवा. गूळ पाठवू नकोस. न्हाणी कधी बांधतोस, तेवढं लवकर लिहून कळव."