सवतीची मिश्री

चकलांबा

प्रिय सत्यशीला अक्का,

आपली कधी भेट झाली नाही, तरी तू रोज माझ्या गळ्यात असतेस. मेलेल्या सवतीनं नवीला त्रास देऊ नये म्हणून आत्याबाईंनी लग्नातच तुझ्या नावाचा चांदीचा टाक मला बांधला. घर तुझं, मालक तुझे, लेक सायली तुझी, चुलीमागची भाजक्या तंबाखूची मिश्रीसुद्धा तुझीच. मी सगळं घेतलं, मिश्रीही घेतली.

मग सकाळी उशीवर रक्त दिसू लागलं. कुठं जखम नाही, दुखणं नाही. आत्याबाई उशी पाहून म्हणाल्या, ‘सत्यशीलेचंबी असंच व्हायचं. तीच आली बग. मिश्री लाव, थांबंल.’ लावली की थांबायचंही. खरं सांगते, तुझा फार राग यायचा. माणसानं मेल्यावर तरी संसार सोडावा की नाही?

मग गावात दात तपासायचं शिबिर भरलं, तिथं दातांच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या हातात आरसा दिला. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, दातांच्या मुळाशी किटण. म्हणाल्या, हा हिरड्यांचा आजार आहे. मिश्री नुसतं रक्त दाबते, आजार आत वाढतच राहतो. त्यांनी किटण काढलं. मऊ ब्रशनं, हिरडीच्या कडेनं, हलक्या हातानं सकाळी आणि निजताना घासायला शिकवलं. रक्त आलं तरी थांबू नका म्हणाल्या. मिश्री सोडली तर रक्त आधी वाढलंच. ‘लई रागावली ती, घे डबी पुन्ना,’ आत्याबाई म्हणाल्या. मी डबी उकिरड्यात पुरली. हळूहळू रक्त थांबलं. हाच आजार तुलाही होता गं, आणि मी उगाच तुझ्या नावानं बोटं मोडत होते.

आज लिहायला बसले ते सायलीसाठी. काल सकाळी तिची उशी लाल झाली होती. घरात मिश्रीची चिमूट नाही, तरी पोरीच्या तोंडाला मिश्रीचाच वास. ‘आई सपनात येती,’ ती हसून सांगत होती, ‘मांडीवर घेती अन् बोटानं दात घासून देती.’ अक्का, मॅडमकडे मी तिला नेणारच आहे. पण लेकीला भेटू नकोस, असं तुला कोणत्या तोंडानं सांगू? इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. येत जा, तिला मांडीवर घेत जा. फक्त येताना तेवढं बोट धुऊन ये.

तुझीच धाकटी,
धनश्री